चेहऱ्याचं औषध

माझ्या तोंडावरची मुरमं हा आमच्या घरात माझ्या एकटीचा प्रश्न कधीच नव्हता. देवळीच्या बाजारात बाबांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे आम्ही राहायचो. दुकानात आलेली बाई साडी पाहता पाहता मधल्या दारातून आत डोकवायची, मी दिसले की आईला म्हणायची, "पोरीले मुलतानी माती लावून पाह्यली का वो?" कोणी मसुरीचं पीठ सांगायचं, कोणी जायफळ उगाळायला सांगायचं. मी सगळं लावलं. कपाळ, गाल, हनुवटी. एक मुरूम बसलं की दुसरं वर यायचं, आणि बसलेलं आपला डाग मागे ठेवून जायचं.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी वर्ध्याला बी.एड. करत होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. घरात माझ्या लग्नाचं सुरू होतं. दोन ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन गेले, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. आंजीला माझी आत्या राहायची, बाबांची मोठी बहीण. तिनं मध्यस्थाकडून कारण काढून आणलं आणि चुलीजवळ बसून आईला जसंच्या तसं सांगितलं, "पोरगी शिकेल आहे, सोभावानं बी चांगली आहे, पन तोंडभर फोडं हायेत म्हने."

मी तिथेच पोळ्या लाटत होते. त्याच आठवड्यात आई मला वर्ध्याला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी लावायला मलम दिलं आणि रोज घ्यायला एक कॅप्सूल लिहून दिली. "महिनाभर घ्या आणि परत दाखवायला या," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं, आईनंही ऐकलं होतं.

महिन्याभरात फरक दिसला. पुढे तर गाल हाताला गुळगुळीत लागायला लागला. आई म्हणाली, गुण आलाच आहे तर परत कशाला दाखवायचं? मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहून कॅप्सूलचे पत्ते काढून द्यायचा, नंतर नंतर चिठ्ठीही लागेना. रोज सकाळी आई चहाच्या बशीत ती कॅप्सूल ठेवायची. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेलं ते संक्रांत उलटली तरी चालूच होतं. मी ती औषध म्हणून घेतच नव्हते. तोंडाला पावडर लावावी तशी घेत होते.

तिसरे पाहुणे तळेगावचे आले. घरचं किराणा दुकान, मुलगा शाळेत मास्तर. मुलाची आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चेहरा मस्त साफ आहे वो पोरीचा." दाराआड उभ्या असलेल्या आईचा श्वास मला ऐकू आला. महिन्याच्या आत साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. वैशाखातली तारीख धरली.

साक्षगंधाच्या धामधुमीतून मोकळी होते न होते तोच मला खाज सुटली. कुठे, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा धड शब्दांत म्हणत नव्हते. 'खाली' म्हणायचं, एवढंच आम्हाला येत होतं. आधी वाटलं, उन्हाळा लागला, घाम असेल. मग लघवीला गेलं की आग व्हायला लागली, मिरचीचा हात लागावा तशी. एक दिवस अंघोळीच्या वेळी हाताला पांढरं काहीतरी लागलं. पाण्यासारखं नव्हतं, घट्ट होतं, फाटलेल्या दुधाच्या गोळ्यांसारखं. मी न्हाणीत तशीच बसून राहिले. अंगावरून पांढरं जाणं काय असतं ते मी बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. पण हे तसंही दिसत नव्हतं. मला वाटलं, माझ्या आत काहीतरी सडतं आहे.

वर्ध्याच्या बसस्टँडच्या भिंतीवर त्या वर्षांत एड्सची सूचना रंगवलेली होती. कॉलेजला जाता-येता मी ती रोज पाहायची, वाचायची नाही. आता गाडी लागेपर्यंत तिच्यापुढे उभी राहून मी ती अक्षर न् अक्षर वाचली. मला कोणाचा हात लागला नव्हता. साक्षगंधाच्या दिवशी अंगठी घालताना त्यांचा लागला तेवढाच. तरी मी विचार करत होते, कॉलेजच्या संडासातून होत असेल का? बसच्या सीटवरून होत असेल का? एवढी शिकलेली मी, उद्या वर्गात पोरांना विज्ञान शिकवणार होते.

मी तुरटीच्या पाण्यानं धुतलं. जंतुनाशकाचं पाणी करून धुतलं, तेव्हा तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. कडुनिंबाचा पाला उकळला, आईला सांगितलं डोक्यात कोंडा झाला आहे. काही केल्या खाज थांबेना. बसमध्ये बसवत नव्हतं, वर्गात बसवत नव्हतं.

आईला कळलं ते कपड्यांवरून. आतले कपडे मी टॉवेलखाली झाकून वाळत घालायची. एकदा ते काढताना ती माझ्याकडे बघत म्हणाली, "दिवसातून तीनतीनदा काऊन धुऊन राह्यली तू?"

"जळजळते," मी म्हणाले.

आई मेडिकलमध्ये गेली. पोरीला लघवीला जळजळतं, एवढंच तिनं सांगितलं. तेवढंच तिला सांगता येत होतं. त्यानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या संपेपर्यंत माझी अवस्था अशी झाली की चालताना पाय फाकवून टाकावे लागत. सूज आली होती, कातडी चिरली होती. शेवटी मी आईला न्हाणीत बोलावलं आणि पांढरं जातं ते दाखवलं.

तिनं पाहिलं. तिचा चेहरा मला आजही दिसतो. आधी घाबरली, आणि मग त्या घाबरण्यावर हळूहळू दुसरंच काहीतरी चढत गेलं. तिनं न्हाणीचं दार आतून लावलं. बाबा दुकानात होते, दुपारची वेळ होती, बाहेर कोणी नव्हतं. तरी ती कुजबुजल्यासारखी बोलली.

"हे लगन झालेल्या बायकाइले होते. तुले काऊन झालं?"

"मले काय माहीत?"

"खरं सांग. कोन आहे थो?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कोण म्हणजे कोण? ती माझ्या दंडाला धरून उभी होती. "वर्ध्याले जातं तू रोज. कॉलेजात कोनी आहे का? आत्ताच सांगून टाक. लगन होऊन गेल्यावर निंगालं तर थे लोक तुले उभं करनार नाईत."

तेव्हा कळलं. ज्या बाईनं मला कॉलेज सोडलं तर कधी शेजारच्या गावातही एकटीला पाठवलं नाही, जिच्या हातची कॅप्सूल मी रोज सकाळी निमूट गिळत होते, ती मला हे विचारत होती.

"कोनी नाई आई."

"देवीपुढं हात ठेवून सांग."

"नाई ठेवत."

"काऊन?"

"माह्यावर इस्वास नाई तर देवीले काऊन मधात घेतं?"

ती दार उघडून निघून गेली. त्यानंतर घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही नजर चुकवून. बाबांना वाटलं, लग्न जवळ आलं म्हणून मायलेकींना रडू येत असेल. ते आम्हा दोघींवर जास्तच माया करायला लागले.

मग एका सकाळी ती म्हणाली, "चाल. वर्ध्याले बाईडॉक्टरकडे जाऊ." वर्ध्याला उतरल्यावर स्टँडजवळच्या मेडिकलमधून तिनं काहीतरी घेतलं आणि पिशवीत टाकलं. मी विचारलं नाही.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. बाहेर बाकावर सगळ्या पोटुशा बायका, त्यांच्यात मी बिनमंगळसूत्राची. आत गेल्यावर आईनं त्रास थोडक्यात सांगितला आणि मग खुर्ची पुढे ओढून, मी ऐकू नये अशा आवाजात, पण मला ऐकू येईलच अशा अंतरावरून म्हणाली, "बाई, वैशाखात लगन आहे हिचं. तर हिचं सगळं... म्हंजे पोरगी बरोबर आहे का, थे बी पाहून घ्या."

डॉक्टरबाईंचा पेन थांबला.

मी जमिनीकडे बघत होते. फरशीवर काळे-पांढरे ठिपके होते. मला वाटलं, मी आत्ता उठून बाहेर जाईन आणि परत घरी जाणारच नाही.

"ते मी तपासत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण कडक होता. "आणि तपासून कुणाला सांगताही येत नाही. तुम्ही बाहेर बसा. मी तिच्याशी बोलते."

आई गेल्यावर त्यांनी मला पाणी दिलं. कुणाशी संबंध आला आहे का, असं त्यांनीही विचारलं. पण त्या विचारण्यात आणि आईच्या विचारण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. "आला असला तरी मला सांगायला हरकत नाही, मला औषध ठरवायला हवं म्हणून विचारते." मी मान हलवून नाही म्हटलं आणि ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग फक्त बाहेरूनच तपासलं, कापसाच्या बोळ्यावर थोडं घेतलं, हात धुतले.

"ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "थोडी प्रत्येकीच्या अंगात असतेच. तुझ्यात ती माजली आहे. का माजली ते बघायला हवं. हल्ली काही गोळ्या-औषधं?"

"लघवीच्या घेतल्या मधी. पन खाज त्याच्या आधीपासूनची आहे."

"त्याच्या आधी?"

"कायच्याच नाई."

"सर्दी, ताप, खोकला, दात?"

"नाई."

त्यांनी आईला आत बोलावलं आणि पुन्हा तेच विचारलं. आईही म्हणाली, "नाई जी. तब्येतीनं ठणठणीत आहे पोरगी. एक गोळी नाई लागत तिले." आणि मग, अगदी सहज, "थे फक्त तोंडाचे कॅप्सूल तेवढे चालू हायेत."

"तोंडाचे म्हणजे?"

आईनं पिशवीत हात घातला. सकाळी स्टँडजवळच्या मेडिकलमधून घेतलेले कोरे पत्ते होते. तिनं ते टेबलावर ठेवले, "मुरमाचे हायेत," म्हणाली.

डॉक्टरबाईंनी एक पत्ता उचलला, उलटा करून वाचला. "किती दिवस?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"रोज. मी सोता देतो चहासंगं."

डॉक्टरबाई मागे टेकल्या. "अहो, हे अँटिबायोटिक आहे."

त्या शब्दाचा आमच्यावर काही परिणाम झाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या सावकाश सांगायला लागल्या. हे औषध मुरमांतले जंतू मारतं, पण तोंडानं घेतलेली गोळी फक्त तोंडापुरती राहत नाही, ती अंगभर जाते. बाईच्या त्या जागेत चांगले जंतूही असतात, तेच बुरशीला आवरून धरतात. महिनोन्‌महिने हे औषध घेतलं की काहींमध्ये ते चांगले जंतू मरतात. बुरशी मात्र या औषधानं मरत नाही. "तुम्ही शेताकडच्या माणसांत राहता. पीक उपटून टाकलं आणि वावर तसंच ठेवलं तर काय वाढतं?"

"तन," आई म्हणाली.

"तसंच. आणि खाज सुटल्यावर लघवीच्या म्हणून ज्या गोळ्या दिल्या, त्या बहुतेक त्याच जातीच्या असणार. म्हणून वाढलं. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण होतं. लग्न झालेलीला होतं, न झालेलीलाही होतं. हिनं काहीही केलेलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी आईकडे बघून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

चेहरा! माझा तो साफ चेहरा, ज्याच्यावर तळेगावची माणसं भाळली, ज्याच्यासाठी आत्यानं देवीला खण नेऊन दिला, त्याचं औषध मला खालून चिरत होतं. आणि आई पांढरीफटक पडली होती. टेबलावरच्या पत्त्यांकडे बघत ती म्हणाली, "म्हंजे मीच... मी रोज सकाळी..."

डॉक्टरबाईंनी बुरशीची एक गोळी दिली, बाहेरून लावायला मलम दिलं, रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगितली. तुरटी, जंतुनाशक सगळं बंद, साधं पाणी, सुती कपडे. "आणि कातडीच्या डॉक्टरांना आजच जाऊन सांगा. मनानं औषध चालू ठेवायचं नाही, कुणाच्या सांगण्यावरून नवं घ्यायचं नाही."

कातडीच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली. आम्ही परत आलोच नव्हतो, याबद्दल ते आईवर चिडले. ती मुकाट ऐकून घेत होती.

स्टँडवर देवळीची गाडी लागायला वेळ होता. आम्ही सावलीत बसलो. आई पदरानं तोंड पुसत होती, घाम नसताना. मग समोर बघत म्हणाली, "तू झाली त्या टायमाले माहे टाके पिकले होते. दवाखान्यात लय इंजेक्शनं देल्ली. घरी आली आन् हेच झालं. असंच. पांढरं, खाज, आग."

मी तिच्याकडे वळले.

"तुह्या आजीनं मले इचारलं होतं, कोनाचं घेऊन आली म्हनून. मले येगळं निजवे. माहे कपडे येगळे धुवाले लावे. उनं-थंडं सगळे उपाय केले, कितीक महिने गेले."

"मंग?"

"मंग काय? गेलं आपोआप कवातरी."

मी सुन्न झाले. आईला हे झालं होतं, म्हणून नाही. तिला तो प्रश्न विचारला गेला होता, तो कसा लागतो हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी तिनं तोच, जवळजवळ त्याच शब्दांत, मला विचारला होता. मी तिला म्हटलं, "तरी तू मले इचारलं?"

"दुसरं काई सुचलंच नाई मले," ती म्हणाली. "तेच सुचलं."

गाडी लागली. आम्ही चढलो.

त्रास आठवड्याभरात ओसरला. खाज नाही, आग नाही. सकाळी उठल्यावर आधी त्या शांततेचाच धक्का बसायचा. साखर ठीक निघाली. पण चेहरा? लग्न तोंडावर आलं आणि मुरमंही तोंडावर आली. आत्या आंजीहून लग्नाच्या कामाला आली आणि मला बघून किंचाळलीच, "कॅप्सूल काऊन बंद केले वो वहिनी? एवढे दिवस तरी देजो!"

मी दाराशी उभी होते. मला वाटलं आई आता काहीतरी थाप मारेल. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तिले त्याच्यानं आंगातून बुरशी धरली होती," ती म्हणाली. "चालता येत नव्हतं पोरीले. तोंडावर फोडं राहतीन तं राहतीन. म्या नाई देत आता."

'आंगातून', म्हणजे त्या जागेतून, हा शब्द मोठ्यानं उच्चारलेला त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकला.

बस्त्याला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, तळेगावची मंडळी आमच्याच दुकानात आली. मुलाच्या आईनं मला पाहिलं आणि बाबांसमोरच म्हणाली, "पाह्यली तवा चेहरा येगळा होता." बाबांच्या हातातला शालू तसाच राहिला. मी मुलाकडे पाहिलं. ते कापडाचा पोत बघत होते, बोटांनी, फार लक्ष देऊन. आईच पुढे झाली आणि म्हणाली, "पोरगी तीच आहे. पाह्याची असन तं पाहून घ्या, नाईतर आत्ताच सांगा." सगळ्यांना घाम फुटला. मुलाचे वडील घाईघाईनं हसले, चहा मागवला, आणि लग्न वैशाखात ठरल्याप्रमाणे झालं. फोटोंत माझे गाल फोडांनी भरलेले आहेत. सासूबाईंनी पहिलं वर्ष ते अधूनमधून बोलून दाखवलं, मग सोडून दिलं. मुरमंही पुढे आपोआप गेली.

तळेगावलाच मला शाळेत नोकरी लागली. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा माझी दाढ सुजली. आम्ही नवरा-बायको आर्वीला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते चिठ्ठी लिहायला लागले तेव्हा मी विचारलं, "यात अँटिबायोटिक आहे का?" आहे म्हणाले. "मग एक सांगायचं आहे. मला त्यानं आधी बुरशी झाली होती. खाली. योनीत." पडद्यापलीकडे दोन पेशंट बसले होते, त्यांचं बोलणं थांबलं. यांनी मान खाली घातली. डॉक्टर तरुण होते, तेही क्षणभर गांगरले, पण म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. पू झाला आहे, औषध घ्यावंच लागेल, पण थोडेच दिवस देतो. तिथे काही वाटलं तर थांबू नका, लगेच बाईडॉक्टरला दाखवा." काही झालं नाही त्या वेळी.

परत येताना यांनी विचारलं, "असं होते का गोळ्यांनी?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. कॅप्सूल, न्हाणी, आईचा प्रश्न, डॉक्टरबाईंपुढे तिनं केलेली ती मागणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते रस्त्यात थांबले. कोणी त्यांच्याच कानाखाली मारली असावी, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"आईनं इचारलं तुले असं? सोताच्या आईनं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं तवा? बस्त्याच्या दिवशी तरी?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. एक ट्रक धूळ उडवत गेला.

"माहीत नाई," ते म्हणाले.